स्पेनमधल्या घरी राहून शिकताना

भूगोलाच्या पुस्तकातून आपण देशांच्या राजधान्या, नद्या, पिके पाठ करतो. परीक्षेत लिहितो आणि विसरतो. पण त्या देशातली माणसे सकाळी काय खातात, रात्री किती वाजता निजतात, हे त्यात कुठे असते? आपल्या गावची एक ताई कॉलेजात स्पॅनिश भाषा शिकते. ती सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने स्पेनमध्ये एका कुटुंबात राहून आली. मागच्या महिन्यात गुरुजींनी तिला आपल्या वर्गात बोलावले होते. तिने सांगितलेले आणि गुरुजींनी नकाशावर दाखवलेले मी इथे लिहीत आहे. त्या दिवशी जे गैरहजर होते त्यांनी जरूर वाचावे.

स्पेन हा युरोपच्या नैऋत्य टोकाचा देश. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून बराच मोठा. पण लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही. ताई राहिली ते गाव सालामांका. ते माद्रिद या राजधानीच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर, तोर्मेस नदीकाठी आहे. तिथले विद्यापीठ १२१८ सालचे. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून ७२ वर्षे होती! विद्यापीठाच्या जुन्या दाराभोवती दगडी नक्षी आहे. तीत एका कवटीवर छोटासा बेडूक कोरलेला आहे. तो ज्याला कुणी न दाखवता सापडेल तो परीक्षेत पास होतो, असे तिथली मुले म्हणतात. ताईला तो तिसऱ्या दिवशी सापडला. (पण अभ्यास करावाच लागला, असे ती म्हणाली.)

आता घराबद्दल. परदेशातून शिकायला येणाऱ्यांना तिथली पुष्कळ कुटुंबे घरात ठेवून घेतात. एक खोली आणि तीन वेळचे जेवण, आणि त्याचे पैसे. पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माझ्या आजोबांनी तसे दिवस काढले आहेत. तिथे पैसे लागत नसत, पण आजोबा म्हणतात, पान वाढेपर्यंत मान वर करायची लाज वाटायची. ताई म्हणाली, पैसे दिले की लाज कमी होते, पण आपण घरचे होत नाही. त्याला वेळ लागतो.

त्या घरात साठीच्या एक बाई आणि त्यांचे यजमान असे दोघेच. मुलगा माद्रिदला नोकरीला. ताईने दारात हात जोडून नमस्कार केला. बाईंनी तिला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले. तिथे तीच रीत. मग ताईचा अर्ज पाहून त्यांनी तिला भलत्याच नावाने हाक मारली. त्याचे कारण असे, की स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, बहुधा आधी वडिलांकडचे आणि मग आईकडचे. लग्न झाले तरी बायका आडनाव बदलत नाहीत. ताईचे मधले नाव म्हणजे तिच्या वडिलांचे नाव, ते बाईंना पहिले आडनाव वाटले! आपल्याकडे आईचे आडनाव कुठे लागत नाही, हे ऐकून त्यांना नवल वाटले. मला तर तिथली पद्धत आवडली.

आपल्यासारखेच त्यांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहे. ‘तू’ला ‘तू’च म्हणतात आणि ‘तुम्ही’ला ‘उस्तेद’. ताई बाईंना उस्तेद म्हणे, तर बाई रागवायच्या, ‘मी काय तुला परकी आहे का?’ आईपेक्षा मोठ्या बाईला अरेतुरे कसे करायचे? ताईची जीभ आठ दिवस वळली नाही.

सगळ्यात मोठी अडचण झाली ती वेळेची. सकाळी फक्त दुधाची कॉफी आणि भाजलेला पाव. पावावर ऑलिव्हचे तेल आणि टोमॅटोचा गर. (ऑलिव्हच्या तेलात स्पेनचा जगात पहिला नंबर आहे.) दुपारचे मोठे जेवण अडीच-तीनला. संध्याकाळी काहीतरी तोंडात टाकायला. आणि रात्रीचे जेवण साडेनऊला! आपल्याकडे तोवर निजानीज झालेली असते. पहिले दोन दिवस ताई भुकेने कासावीस झाली, पण मागायला संकोच वाटला म्हणून बॅगेतला चिवडा खाऊन राहिली.

गुरुजींनी याचे कारण फळ्यावर गणित करून दाखवले. सालामांका ग्रीनिचच्या पश्चिमेला साधारण साडेपाच अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे तिथला सूर्य ग्रीनिचच्या मागे सुमारे २२ मिनिटे. पण १९४० साली सरकारने देशाचे घड्याळ एक तास पुढे केले ते तसेच राहिले. उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे करतात. म्हणून सप्टेंबरात तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झालेली असतात. म्हणजे घड्याळात अडीच, पण सूर्याच्या हिशेबाने ते भर बारालाच जेवतात! ताई गेली तेव्हा साडेआठ वाजून गेले तरी सूर्य मावळत नव्हता. उलट डिसेंबरात सकाळी आठलासुद्धा काळोख. शाळेत जायची मुले दिव्याच्या उजेडात निघत.

जेवायला बसले की ‘के आप्रोवेचे’ म्हणतात. आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो ना, तसेच. जेवण झाल्यावर लगेच कुणी उठत नाही. तिथेच बसून गप्पा. त्याला ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे. तीन वाजताच्या बातम्या लागत, यजमान खुर्चीतच डुलकी घेत, आणि बाई ताईला एकेक शब्द शिकवत. वर्गात व्याकरण शिकले, पण बोलायला त्या टेबलाशी शिकले, असे ताई म्हणाली. हिवाळ्यात ते गोल टेबल फार मजेचे. त्याच्यावर जमिनीपर्यंत जाड कापड आणि खाली शेगडी. पूर्वी निखारे ठेवत, आता विजेची असते. कापड मांडीवर ओढायचे की पाय ऊबदार!

ताई अंडे खाते, पण मांस खात नाही. पहिल्याच आठवड्यात मसुराची आमटी झाली. (सालामांकाजवळच्या आर्मुन्या भागातला मसूर प्रसिद्ध आहे.) वास छान, पण आत डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे तुकडे. बाई म्हणाल्या, ‘अगं, ते नुसतं चवीला!’ त्यांच्या हिशेबी मांस म्हणजे ताटातला मोठा तुकडा. ताईला रडू आले. बाईही खट्टू झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी लहान पातेल्यात तिची आमटी वेगळी केली. ताईने शेजारी भात शिजवला आणि वर ओतून घेतली. बाईंना ते बघून हसू आले, पण पुढे त्यासुद्धा तशाच जेवायला लागल्या.

घरात अनवाणी फिरले की बाई ओरडायच्या, ‘थंडी बाधेल, थापातियास घाल!’ थापातियास म्हणजे आपल्या सपाता. शब्द सारखाच वाटतो ना? वसई आणि गोव्याला पोर्तुगीज होते, त्यांच्या भाषेतून तो आपल्याकडे आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणीबहिणी. ताईने वहीत अशी यादीच केली. बटाटा तिकडे ‘पताता’, पाव तिकडे ‘पान’, साबण तिकडे ‘खाबोन’, बिजागरी तिकडे ‘बिसाग्रा’. एवढ्या लांब जाऊन बिजागरी ओळखीची निघाली.

एक गोष्ट सांगताना ताई जरा गप्प झाली. ऑक्टोबरात एका रात्री ती मैत्रिणींबरोबर मोठ्या चौकात बसली. हा चौक १७५५ साली बांधून पूर्ण झाला, चारी बाजूंनी कमानी, रात्री सगळे दिवे लागतात. गप्पांत अकरा वाजले. घरी आली तर टेबलावर तिची बशी झाकून ठेवलेली, आणि बाई जेवायच्या थांबलेल्या. तिने फोनच केला नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत, आमटी गरम केली, आणि दोघी मुकाट्याने जेवल्या. सकाळी ताईने माफी मागितली. बाई म्हणाल्या, ‘उशीर झाला तर झाला. पण मी तुझ्या आईला काय सांगितलं असतं?’ त्या दिवसापासून त्या ‘पाहुणी’ म्हणायच्या थांबल्या, असे ताईला वाटते.

मी हे सगळे लक्ष देऊन ऐकले, कारण आपली शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला मी तालुक्याला मामांकडे राहणार. ते परके नाहीत, पण घर त्यांचे आहे. मी हात वर करून विचारले, ‘ताई, पहिल्या दिवशी काय करायचं?’ ती म्हणाली, ‘भूक लागली की सांगायचं. मी दोन दिवस चिवडा खाल्ला, तो वेडेपणा. आणि ताट कुठे ठेवायचं, रात्री दिवा कोण मालवतं, ते विचारून घ्यायचं. बघून कळत नाही.’

रविवारी मामी आल्या होत्या. मी त्यांना विचारले, ‘तुमच्याकडे रात्री किती वाजता जेवतात?’ मामी हसल्या आणि म्हणाल्या, ‘साडेसातला. का गं?’

इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी