लोहगडाची सवय फुजीवर नको

आमची सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटायची. शनिवार असला की चाकणहून गाड्या थेट तळेगावच्या रस्त्याला लागायच्या. वाटेत कुठेतरी चहा, रातोरात लोहगड नाहीतर विसापूर, माथ्यावर सूर्योदय आणि दुपारी घरी येऊन झोप. दहा वर्षं हेच चाललं होतं. हीच सवय मला जपानात नडली.

2018 मध्ये कंपनीने आम्हा दोघांना तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडे पाठवलं. सोबतचा गडी खेडचा, कबड्डी खेळलेला, दमात माझ्या दुप्पट. ऑगस्टमध्ये ओबोन सणाची सुट्टी लागली तेव्हा फुजी चढायचं ठरलं. रात्रभर चढायचं, सूर्योदय बघायचा आणि उतरून बस धरायची. वाटेत मुक्कामाची घरं आहेत हे ठाऊक होतं, पण एका रात्रीसाठी तेवढे पैसे कशाला घालवायचे, असा विचार केला.

उंचीचा विचार मात्र केला नाही. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. फुजीच्या योशिदा वाटेवर बस जिथे सोडते तो पाचवा टप्पाच 2305 मीटरवर आहे आणि माथा 3776 वर. आपलं कळसूबाई जिथे संपतं त्याच्याही साडेसहाशे मीटर वरून तिथली वाट सुरू होते. आम्ही बसमधून उतरलो, सॅक आवळली आणि दहा मिनिटांत चालायला लागलो.

सातव्या टप्प्यापर्यंत काही जाणवलं नाही. पायाखाली तांबडी-काळी खडी होती, भोसरीच्या फाउंड्रीबाहेर पडलेल्या स्लॅगसारखी, हलकी आणि भोकाभोकांची. फुजीचा खडकही बराचसा बेसाल्टच. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि फुजीचा शेवटचा उद्रेक 1707 सालचा. ओळखीच्या दगडावर पाय पडतोय म्हणून मला उलट धीरच आला.

आठव्या टप्प्यावर, रात्री एकच्या सुमारास, माझं डोकं वाइसमध्ये धरून कुणी आवळतंय असं वाटायला लागलं. उलटी झाली. सोबत्याकडे बघितलं तर तो बुटाच्या नाडीची दोन टोकं दोन हातांत धरून नुसता उभा होता. गाठ कशी मारायची तेच त्याला सुचेना. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण तो म्हणाला, “आता काय, थोडंच तर राहिलंय,” आणि मीही मान डोलावली. 3400 मीटरवरच्या घरापर्यंत पोचेस्तोवर त्याचा तोल जायला लागला होता. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी विजेरी त्याच्या तोंडावर धरली आणि काही न बोलता खालच्या वाटेकडे बोट दाखवलं.

उतरताना आणखी एक चूक झाली. थोडं खाली गेल्यावर योशिदा आणि सुबाशिरी या दोन वाटा फुटतात. पिवळी पाटी योशिदाची, तांबडी सुबाशिरीची. आम्ही बधिर अवस्थेत तांबडी धरली आणि दहा मिनिटांनी ध्यानात आल्यावर तो चढ पुन्हा चढलो. पाच-सहाशे मीटर खाली आल्यावर सोबत्याचं डोकं मोकळं झालं.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. त्याची सवय व्हायला शरीराला वेळच लागतो, तिथे कबड्डीचा दम कामाला येत नाही. अशा न थांबता केलेल्या चढाईला जपानी लोक ‘दांगान तोझान’ म्हणतात, बंदुकीच्या गोळीसारखी चढाई. आता 2025 पासून दुपारी दोन ते पहाटे तीन या वेळात मुक्कामाचं आरक्षण नसेल तर वर सोडत नाहीत, आणि 4000 येन शुल्क आहे. हा नियम आमच्या वेळी असायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आमच्या खात्यातली पोरं फुजीचं विचारायला येतात तेव्हा आधी मुक्काम ठरवा म्हणतो. पाचव्या टप्प्यावर तास-दीड तास नुसतं बसा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर एक पाऊलही वर टाकू नका. कमी होत नसेल तर खाली या, आणि सोबत्याला एकटं सोडू नका. ऑगस्टमध्येही वर हाडं गोठतात, तेव्हा जाड जाकीट आणि हातमोजे हवेतच. शौचालयासाठी शंभर येनची नाणी ठेवा. फुजी नको वाटला तर बालीचा बातूर आहे, 1717 मीटर, कळसूबाईच्या जोडीचा. तिथे उंचीचा असा त्रास सहसा नाही.

पण जागा ज्वालामुखी बातूरही आहेच. 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी दुपारी बाराच्या आधी, जपानचा ओंताके फुटला. इशाऱ्याची पातळी सगळ्यात खालची, एक होती. माथ्याजवळ माणसं डबे उघडून बसली होती. 58 माणसं गेली, पाच अजून सापडलेली नाहीत. निघण्याच्या दिवशी सकाळी इशाऱ्याची पातळी बघाच, पण ती कमी आहे म्हणून हेल्मेट घरी ठेवू नका.

2019 मध्ये आम्ही दोघं पुन्हा गेलो. सातव्या टप्प्यावर मुक्काम केला, पोटभर जेवलो, झोपलो. उजाडल्यावर सावकाश चढून दुपारी माथ्यावर पोचलो. विवराच्या आतल्या भिंतीत थरावर थर दिसत होते, जीवधन गडाच्या कड्यासारखे. तो बराच वेळ कडेला उभा होता. मग खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली.