सांभाळणाऱ्या माणसानेही फोन लावावा

वय झालं की माणूस थोडं विसरतोच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, नातवाला हाक मारताना मुलाचं नाव तोंडी येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आजी जेवून उठते आणि पाच मिनिटांत शेजारी जाऊन 'मला कुणी जेवायला दिलं नाही' असं सांगते, रोजच्या नळावरून परतताना तिला स्वतःची गल्ली सापडत नाही, सख्ख्या लेकाला ती 'तू कुणाचा?' असं विचारते, तेव्हा हा मेंदूचा आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना तो आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना. करणी, बाहेरची बाधा यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तरी 'एकदा गंडा बांधून बघा' म्हणणारे पाहुणे येतातच.

आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. थायरॉईडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

पण या वेळी आम्हाला बोलायचं आहे ते आजीला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर लेक, नाहीतर स्वतःच साठी ओलांडलेली बायको. सकाळी चार घरची कामं करायची, दुपारी आजीला न्हाऊ घालायचं, आणि रात्री दोनला आजी दाराची कडी काढते: 'मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.' वर 'सुनेनं माझे पैसे चोरले' हे सगळ्या चाळीला ऐकवते. शेजाऱ्यांना ते खरं वाटतं. झोप नाही, कौतुक नाही, आणि एखाद्या दिवशी हात उगारला जातो. मग ती बाई मोरीत जाऊन रडते. तिला वाईट ठरवून आजीचे हाल कमी होत नाहीत. तिला कुणाशी तरी बोलता आलं, तर होऊ शकतात.

त्यासाठी एक नंबर आहे, १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलिमानस' ही सेवा. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, साधा बटणाचा फोनही चालतो, आणि मराठीत बोलता येतं. पुष्कळांना वाटतं, हा नंबर वेड लागलेल्यांसाठी किंवा जीव द्यायला निघालेल्यांसाठी आहे. तसं नाही. 'सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, मला महिनाभर झोप नाही, मी चिडते, मला भीती वाटते,' एवढं कारण पुरेसं आहे. फोनवर प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक असतात. गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळ कुठे दाखवायचं ते सांगतात.

एका खोलीच्या घरात बोलायचं कुठे, हा प्रश्न खराच. आजी झोपलेली असताना बाहेरच्या ओट्यावर, कामावर जाताना रस्त्यात, किंवा मैत्रिणीच्या घरी बसून बोला. आधी कागदावर दोन-चार गोष्टी टिपून घ्या: त्रास कधीपासून आहे, कोणत्या वेळी वाढतो, कोणती औषधं चालू आहेत, आणि तुम्हाला स्वतःला काय होतंय. ही शेवटची गोष्ट बायका सांगतच नाहीत. तीच आधी सांगा.

बोलण्यातून साधे मार्ग निघतात. 'तुमची आई केव्हाच गेली' असं आजीला सांगितलं, तर तिच्यासाठी ते दुःख दर वेळी नवं असतं. त्यापेक्षा 'आईची आठवण येते का? काय करायची तुमची आई?' असं विचारून हळूच दुसरीकडे वळवावं. ती रात्री उठते तेव्हा लघवीला लागली आहे का, कुठे दुखतंय का, ते आधी बघावं. दुपारची लांब झोप आणि संध्याकाळचा चहा कमी करावा. पैसे चोरल्याचा आळ घेतला तर वाद न घालता तिच्याबरोबर शोधायला लागावं. फोनवरच्या समुपदेशनाने सांभाळणाऱ्यांची उदासी कमी होते, असं २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलेल्या एका आढाव्यात दिसलं. आजीची स्मृती मात्र फोनने परत येत नाही, तशी आशा धरू नये.

दुसरा नंबर १४५६७, ज्येष्ठ नागरिकांसाठीची 'एल्डरलाइन'. सकाळी ८ ते रात्री ८. पेन्शन, वृद्धाश्रम, कायद्याची माहिती, म्हाताऱ्या माणसाला होणारी मारहाण, यासाठी तिथे विचारा.

काही वेळा मात्र सल्ला विचारत बसू नये. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, ताप आला, तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आजी हरवली तर लगेच ११२ लावा. चोवीस तास थांबायचं असतं हा गैरसमज आहे. तिच्या पोलक्याच्या आत घरचा फोन नंबर लिहिलेलं कापड आजच शिवून टाका.

आणखी एक फोन बाहेरगावी असलेल्या मुलांनी करायचा आहे. पुण्यात किंवा आखातात कामाला असलेला धाकटा दर रविवारी 'आईला नीट सांभाळा' असं बजावतो. वहिनी जेवल्या का, झोपल्या का, हे विचारत नाही. त्याने ते विचारावं, आणि सुट्टीला आला की आठ दिवस आईला स्वतः सांभाळून वहिनीला माहेरी जाऊ द्यावं.

गोव्यात ८१ कुटुंबांसोबत झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती घरोघरी गेल्या. त्यामुळे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. त्या डॉक्टर नव्हत्या. आपल्या वस्तीतही विहारात जमणाऱ्या महिला मंडळाला एवढं करता येईल: अशी दोन-तीन घरं वाटून घ्यायची, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फोन करायचा, आणि महिन्यातून एक दुपार आजीजवळ बसायचं. १४४१६ हा आकडा विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला खडूचा एक तुकडा लागेल.