अकोल्याची कावड कधी पाहावी?

प्रश्न : सासर अकोल्याचं, पण कावडयात्रा अजून पाहिली नाही. कधी यावं?

उत्तर : श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी या; पण तारीख मराठी पंचांगातच बघा. उत्तरेकडचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे हिंदी कॅलेंडरवर विसंबलात तर चुकामूक होईल. रविवारी रात्री शिवभक्त अकोट रस्त्यावरच्या गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालत ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. सोमवारी शहरातले रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून मुक्कामाला आदल्या दिवशीच पोहोचा. भरण्यांनी, म्हणजे पाण्याच्या घागरींनी, लगडलेल्या कावडी खांद्यावर पेलणारी तरुण पोरं जरूर बघा. अकोल्याची खरी ताकद तिथे दिसते.