पीईईके प्लास्टिकवर हाडाच्या खनिजाचा थर

मणक्यात बसवतात ते पीईईके हे बहुवारिक टायटॅनियमइतके ताठ नसते, म्हणून हाडाला मानवते. पण हाड त्याला चिकटत नाही. पृष्ठभागावर ॲपटाइट, म्हणजे हाडातलेच खनिज, रुजवले तर पकड मिळू शकते. सोलापूरच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत करून पाहावी अशी ही कृती आहे.

आधी पाण्याचे. होटगी परिसरातले बोअरचे पाणी बेसाल्ट खडकातून येते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. सगळीकडे, अगदी भांडी खंगाळायलाही, विआयनीकृत पाणीच घ्यावे.

1. 10 × 10 × 2 मिमीचे तुकडे घासून, ॲसिटोनने व पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत.

2. काही तुकडे फ्यूम हूडमध्ये, मार्गदर्शक हजर असताना, हातमोजे व चष्मा घालून, संहत सल्फ्युरिक आम्लात 5 मिनिटे ढवळावेत. जास्त वेळ ठेवू नयेत. पीईईके या आम्लात विरघळते. मग ते भरपूर गार पाण्यात टाकावेत व पुन्हा पुन्हा धुवावेत. आम्लाने पृष्ठभागावर पडलेल्या छिद्रांत राहिलेले आम्ल पेशींना मारते, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये 120 अंशांच्या पाण्यातूनही काढावेत. सगळ्या कृतीचा जीव याच पायरीत आहे.

3. जपानच्या तादाशी कोकुबो यांचा शरीरद्रवासारखा द्रव करावा. काचेच्या ओरखड्यांवर ॲपटाइट धरते, म्हणून भांडे प्लास्टिकचे हवे. 36.5 अंशांच्या 700 मिली पाण्यात क्रमाने, एक विरघळल्यावरच दुसरे घालावे: सोडियम क्लोराईड 8.035 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 0.355, पोटॅशियम क्लोराईड 0.225, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (तीन रेणू पाण्यासह) 0.231, मॅग्नेशियम क्लोराईड (सहा रेणू पाण्यासह) 0.311, 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 39 मिली, कॅल्शियम क्लोराईड 0.292, सोडियम सल्फेट 0.072. पाणी 900 मिलीपर्यंत वाढवून 6.118 ग्रॅम ट्रिस चिमटी-चिमटीने घालावे. सामू 7.40 करून एक लिटर भरावे. द्रव गढुळला तर फेकून द्यावा, गाळून वापरू नये.

4. प्रत्येक तुकडा 28 मिली द्रवात उभा ठेवावा. आडवा ठेवला तर वरून गाळ बसतो. 36.5 अंशांत 14 दिवस राहू द्यावा, द्रव दर दोन दिवसांनी बदलावा. सोलापुरात मे महिन्यात खोलीच 40 च्या वर जाते आणि साधा इन्क्युबेटर गार करत नाही. प्रयोग हिवाळ्यात लावावा.

5. धुऊन वाळवल्यावर क्ष-किरण विवर्तन करावे, चिकटपट्टी लावून ओढून पाहावी. पट्टीबरोबर निघाला तो थर हाडाच्या कामाचा नाही.

आम्लात न घातलेला तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय एकही निष्कर्ष अहवालात लिहू नका.