टोचणीची परीक्षा व तिची साक्ष

(वाचावयाचा भाग : लेवीय, अध्याय १३)

या अध्यायांत याजकानें कातडीवरील डाग कसा पाहावा हें सांगितलें आहे. शंका असेल तर माणसास सात दिवस वेगळें ठेवून पुनः पाहावयाचें. एकदांच पाहून निकाल द्यावयाचा नाहीं. वावड्याची परीक्षा करविण्यास शहरांत जाणाऱ्या जळगांव-धुळ्याकडील आमच्या बंधुभगिनींनीं हा अध्याय वाचून जावें.

या परीक्षेंत हातावर भुईमूग, दूध, परागकण, धूळ इत्यादींच्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकांतून बारीकशी टोचणी देतात. पंधरावीस मिनिटांनीं डास चावल्यासारखी गांधी उठली तर ती मोजतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षां ती निदान तीन मिलिमीटर मोठी असावी लागते. हिस्टामिनाचाही एक थेंब असतो. तेथेंच कांहीं उठलें नाहीं तर बाकीच्यांची साक्ष धरतां येत नाहीं. खाजेच्या वा सर्दीच्या गोळ्या घेऊन गेलेल्यांचें बहुधा असें होतें. त्या किती दिवस आधीं सोडाव्या हें डॉक्टरांस विचारावें. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनीं स्वतःची कातडी खरवडून तीवर परागकण लाविले व तो अनुभव १८७३ सालीं प्रसिद्ध केला. या परीक्षेचें मूळ तेथें आहे.

परंतु गांधी उठल्यानें काय सिद्ध होतें? इतकेंच कीं, शरीर त्या पदार्थास ओळखतें. त्यापासून दुखणें होतेंच असें नव्हे. पुष्कळ मुलांस भुईमुगाची गांधी उठते, आणि तीं शेंगा सुखानें खातात. कागदावरील खुणा पाहून आई दूध, डाळ, शेंगा सर्वच बंद करिते, आणि आधींच अशक्त असलेलें मूल अधिक वाळत जातें. हा अपाय लहान नाहीं. काय खाल्लें, किती वेळानें काय झालें, हा वृत्तांत दुसरा साक्षी होय. तो जुळल्यावांचून मुलाचें अन्न तोडूं नये. मात्र पूर्वीं खातांच ओठ सुजले किंवा श्वास कोंडला असेल, तर घरीं पुनः खाऊन पाहण्याचें धाडस कदापि करूं नये.

गांधी न उठणें ही साक्ष त्यामानानें अधिक भरंवशाची. पण तिलाही अपवाद आहे, व तो आपल्या बांधावरच उगवतो. १९५५ सालीं पुण्यांत आढळलेलें गाजरगवत आतां खानदेशांतही माजलें आहे. निंदणी करणाऱ्यांचे चेहरे, मान व हात त्यानें खाजतात, काळवंडतात. ही खाज मिनिटांनीं नव्हे, दिवसां-दोन दिवसांनीं येते. म्हणून टोचणींत ती बहुधा सांपडत नाहीं. तिच्यासाठीं पट्टीची परीक्षा निराळी आहे : अर्काची पट्टी पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवितात, काढल्यावर पाहतात, आणि एकदोन दिवसांनीं पुनः पाहतात.