भिवंडीहून होडीने वसईचा किल्ला

प्रश्न : आम्ही भिवंडीकर. आई-वडिलांसह, थोडा खाडीप्रवास करून वसईचा किल्ला पाहता येईल का? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : जरूर येईल. ठाणे-घोडबंदरमार्गे भाईंदर पश्चिमेचा धक्का गाठा. 2024 च्या फेब्रुवारीपासून इथून वसईला रो-रो बोट जाते. गाडीही बोटीत चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत खाडी ओलांडून होते. पलीकडचा धक्का किल्ल्यालगतच आहे. पावसाळ्यात निघण्याआधी फेऱ्यांची चौकशी करा.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली; मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. आत छप्पर उडालेली चर्चे, कमानी आणि दगडात कोरलेली पोर्तुगीज अक्षरे आहेत. तटावर शेवाळ असते, तेव्हा ज्येष्ठांना वर चढवू नका. सकाळी लवकर जा, पाणी सोबत ठेवा.

गाडी नेली नसेल, तर परतताना वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी भिवंडी रोडला सोडते. फेऱ्या मोजक्याच, वेळ आधी पाहा. दुसऱ्या सुटीत वज्रेश्वरीलाही जा. वसई फत्ते व्हावी म्हणून चिमाजी आप्पांनी देवीला नवस केल्याचे सांगतात आणि ते देऊळ तुमच्याच भिवंडी तालुक्यात आहे.