'शह' आणि 'चेक' : एका क्रियापदाची कुळकथा

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर (पूर्वीचा कर्झन रोड) २०१३ साली नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाले. तेथे उतरणारा मराठी पाहुणा 'चेक-इन' करतो, गरम पाणी येते का ते 'चेक' करतो आणि निघताना बिलही 'चेक' करतो. त्याच मार्गावर चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. हे क्रियापद इंग्रजीचे खरे; पण त्याचे मूळ इंग्रजी नाही, आणि मराठीला ते परकेही नाही.

फारसीत 'शाह' म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर मारा आला की 'शाह' असा इशारा देत. एका वाटेने तो शब्द मराठीत येऊन 'शह' झाला. दुसऱ्या वाटेने, अरबी, लॅटिन व जुनी फ्रेंच अशी मजल दरमजल करीत, तो इंग्रजीत 'चेक' झाला. शह बसलेल्या राजाला मनाजोगी चाल करता येत नाही. म्हणून या क्रियापदाचा जुना अर्थ 'रोखणे, आवर घालणे'. 'पडताळून पाहणे' हा अर्थ मागाहून आला. मराठी बोलण्याने उचलला तो केवळ हा दुसरा. त्यामुळे इंग्रजी परिपत्रकात खर्च 'चेक' करण्याची सूचना असेल, तर हिशेब तपासायचा की खर्चाला आळा घालायचा, हे संदर्भावरून ठरवावे लागते. घाईच्या भाषांतराने शाखा भलत्याच कामाला लागायची!

धनादेशाचा 'चेक' याच कुळातला. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हे नाव काउंटरफॉइलला होते, कारण लबाडीला आळा घालणे हेच त्याचे काम. पुढे ते खुद्द कागदालाच चिकटले.

तो कागदही आता फारसा फिरत नाही. १ फेब्रुवारी २००८ पासून राजधानी क्षेत्रात धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठविण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीत तारखेच्या नूतनीकरणाखेरीज कोणतीही खाडाखोड चालत नाही, खाली सही केलेली असली तरीही. नाव वा रक्कम चुकल्यास नवे पानच लिहावे लागते. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरील धनादेशांचा तपशील बँकेला आधी कळविण्याची 'पॉझिटिव्ह पे' ही सोयही आहे. तपशील जुळला नाही, तर पडताळणीतच धनादेश अडतो. पाच लाख व त्यावरील रकमांसाठी बँका ती सक्तीची करू शकतात.